चाकातली हवा आणि तिची झडप

आमच्या रात्रीच्या वर्गाला पाटण तालुक्यातले एक दूधवाले येतात. वय पन्नाशीच्या घरात. वर्गात सगळे त्यांना आबा म्हणतात. पहाटे चारला उठायचे, वाड्यावस्त्यांवरचे दूध गोळा करायचे, मोटारसायकलच्या दोन बाजूंना दोन कॅन अडकवायचे आणि उतारावरून खाली डेअरीच्या केंद्रावर पोचवायचे, हा त्यांचा रोजचा नेम. दुधाचा हिशेब त्यांना तोंडपाठ. अक्षरांची ओळख मात्र उशिरा झाली.

दोन उन्हाळ्यांमागे, मे महिन्यात, आबा वर्गाला येईनासे झाले. चौकशी केली तेव्हा कळले, की उतारावरच्या एका वळणावर मागच्या चाकातली हवा एकाएकी गेली. गाडी आडवी झाली. ऐंशी लिटर दूध गटारात गेले आणि आबांच्या खांद्याचे हाड मोडले. दीड महिना हात गळ्यात होता. तेवढ्या काळात दुसऱ्या एकाने त्यांचे दूध नेले, आणि दोन वाड्यांची गिऱ्हाइके कायमची त्याच्याकडे गेली.

आम्ही भेटायला गेलो तेव्हा आबा म्हणाले, "टायर नवा होता, गुरुजी. दीड महिन्याचा. तरी फुटला. उन्हाळाच वाईट. आणि मी काय बेसावध नव्हतो. ऊन वाढलं तशी हवा कमीच ठेवली होती."

हे शेवटचे वाक्य आमच्या कानात अडकून राहिले. गाडी अंगणातच उभी होती. आम्ही चाक उतरवून घेतले. टायर कुठेही फुटला नव्हता, चिरलासुद्धा नव्हता. आतली ट्यूब काढली. ट्यूबला जिथे झडप चिकटवलेली असते, त्या झडपेच्या बुडाशी नखाएवढी फट पडलेली होती. सगळी हवा तिथून गेली.

"वॉल जरा वाकडा दिसायचा खरा," आबा म्हणाले, "आठ दिवस झाले असतील. पण हवा धरून होता, म्हणून लक्ष दिलं नाही."

म्हणजे टायर फुटेल या भीतीने आबांनी हवा कमी केली, आणि हवा कमी होती म्हणूनच ट्यूब फाटली. हे कसे घडले ते या पाठात नीट पाहू.

वजन कोण पेलते?

गाडीचे वजन कोण पेलते, असे वर्गात विचारले की उत्तर येते, टायर. पण हवा गेलेला टायर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. तो जमिनीवर चपटा बसतो. रबर तेच, जाडी तीच, मग आता वजन का पेलवत नाही? कारण ते आधीही पेलत नव्हतेच. पेलत होती ती आत कोंडलेली हवा.

जुन्या बैलगाडीच्या चाकाला लोखंडी धाव असे. ती धाव स्वतः वजन घेई. म्हणून तर त्या गाडीत बसले की दगडागणिक हाडे खिळखिळी होत. रबरी टायर ही तशी धाव नव्हे. ती पिशवी आहे. पिशवीत काय आणि किती भरले आहे, त्यावर सगळे अवलंबून.

हवेच्या चाकाची कल्पना पहिल्यांदा रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश माणसाला सुचली. १८४५ साली त्याने तिचे पेटंट घेतले, पण तेव्हा सायकली नव्हत्या आणि मोटारी नव्हत्या, म्हणून ती कल्पना फारशी चालली नाही. पुढे १८८८ साली बेलफास्ट शहरात जॉन बॉइड डनलॉप यांनी ती नव्याने काढली. हे गृहस्थ कोणी कारखानदार नव्हते. ते जनावरांचे डॉक्टर होते. आपल्या लहान मुलाची तीनचाकी सायकल दगडी रस्त्यावर फार हादरते, म्हणून त्यांनी चाकाला हवेची रबरी नळी गुंडाळली. आबांना ही गोष्ट फार आवडली. "म्हंजे गुरांच्या डॉक्टरनं केलं हे!" असे ते दोनदा म्हणाले.

आता आबांच्या गाडीचा ढोबळ हिशेब करू. गाडी ११० किलो. आबा ६० किलो. चाळीस लिटरचा भरलेला कॅन, भांड्यासकट, जवळजवळ ५० किलो होतो. असे दोन, म्हणजे १०० किलो. एकूण २७० किलो. यातला सुमारे दोन तृतीयांश भार मागच्या चाकावर येतो, कारण माणूस आणि कॅन दोन्ही मागच्या बाजूला असतात. म्हणजे मागच्या चाकावर १८० किलो.

मागच्या चाकात २८ पौंड हवा असेल तर ती दर चौरस सेंटिमीटरला सुमारे २ किलो वजन उचलते. १८० किलोला ९० चौरस सेंटिमीटर जागा लागेल. एवढाच टायर जमिनीला टेकतो. पोस्टाचे कार्ड १४ सेंटिमीटर लांब आणि ९ सेंटिमीटर रुंद असते, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. आबा, त्यांचे दूध आणि त्यांची गाडी यांचा बहुतेक भार पोस्टकार्डाहून लहान जागेवर धावत असतो!

हवा १६ पौंडांवर आली तर काय होते? तोच भार पेलायला आता जवळजवळ १६० चौरस सेंटिमीटर जागा हवी. ती कुठून येणार? टायर बसतो, फाकतो, त्याच्या बाजू दर फेऱ्याला वाकतात आणि पुन्हा सरळ होतात. एक लोखंडी तार हातात धरून पुढेमागे वाकवत राहा. थोड्या वेळाने ती वाकवल्या जागी गरम लागते. टायरचेही तेच होते.

उन्हाळ्यात हवा कमी करावी का?

आमच्या भागात, आणि विदर्भात तर जास्तच, लोक सांगतात, की ऊन वाढले की टायरमधली हवा कमी करावी, नाही तर टायर फुटतो. समज वरवर बरोबर वाटतो. हवा तापली की फुगते, फुगली की फुटते. पण हिशेब करून पाहिला पाहिजे.

सकाळी सावलीत, ३० अंशांवर, चाकात २८ पौंड हवा आहे. दुपारी रस्त्यावर चालून टायर ६० अंशांपर्यंत तापला. तर हवा किती होईल? साधारण ३२ पौंड. चार पौंड वाढली. दर दहा अंशांना दीड पौंडाच्या आतबाहेर, असा हा हिशेब आहे. धड टायर एवढ्या वाढीने फुटत नाही. टायर बनवणाऱ्यांनी आणि गाडी बनवणाऱ्यांनी ही वाढ धरूनच २८ हा आकडा सांगितलेला असतो.

आता समजा, आपण दुपारी पंपावर गेलो, आकडा ३२ दिसला आणि घाबरून चार पौंड सोडले. मशीनवर २८ आले. समाधान झाले. रात्री टायर निवला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यात हवा किती? २४. दुसऱ्या दुपारी पुन्हा तेच केले तर २० च्या आसपास. आणि हवा कमी झाली की टायर जास्त वाकतो, जास्त तापतो. म्हणजे ज्या उष्णतेची भीती, तीच आपण आपल्या हाताने वाढवतो. आबांनी पंधरा दिवसांत दोनतीनदा असेच केले होते.

पावसाळ्यात कोकणात याच्या उलट एक समज आहे, की चाक घसरू नये म्हणून हवा कमी ठेवावी. डांबरी रस्त्यावर तोही चुकीचाच. साचलेल्या पाण्यातून जाताना टायरने पाणी बाजूला दाबून खाली रस्ता गाठायचा असतो. मऊ टायर पाणी दाबू शकत नाही, तो पाण्यावर तरंगतो. उन्हाळा असो, पावसाळा असो, सांगितलेला आकडा तोच ठेवावा. मात्र थंडीच्या दिवसांत सकाळी हवा आपोआप दोनतीन पौंड कमी दिसते, तेव्हा ती भरून घ्यावी.

आकडा कुठे लिहिलेला असतो?

"सांगितलेला म्हणजे कोणी सांगितलेला?" असे एका ताईंनी विचारले. त्या गावात आरोग्याचे काम करतात आणि स्कूटर चालवतात.

हा आकडा गाडीवरच लिहिलेला असतो. बहुतेक मोटारसायकलींना साखळीच्या झाकणावर किंवा मागचे चाक धरणाऱ्या दांड्यावर एक लहान चिकटपट्टी असते. गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेतही तो असतो. पट्टी इंग्रजीत असते, म्हणून तिच्यातले चार शब्द आपण ओळखायला शिकू. फ्रंट म्हणजे पुढचे चाक. रिअर म्हणजे मागचे. सोलो किंवा रायडर म्हणजे एकटा चालवणारा. पिलियन म्हणजे मागे बसणारा. शेवटी पी.एस.आय. ही तीन अक्षरे असतात, म्हणजे दर चौरस इंचाला इतके पौंड. आपण नुसते पौंड म्हणतो, काही जण पॉइंट म्हणतात. काही पट्ट्यांवर किलो लिहिलेले असतात, जसे १.७५ किंवा २.००. त्याला १४ ने गुणले की जवळजवळ पौंड मिळतात. १.७५ म्हणजे २५. २.०० म्हणजे २८.

शंभर-सव्वाशे सीसीच्या पुष्कळ मोटारसायकलींना पुढे २५ आणि मागे, एकटा माणूस असेल तर, २८ लागते. मागे माणूस बसणार असेल तर मागचा आकडा वाढतो. कुठे ३२, कुठे ३६, कुठे ४० सुद्धा. म्हणून शेजाऱ्याच्या गाडीचा आकडा आपल्या गाडीला लावू नये. आबांची पट्टी चिखलाखाली होती. ओल्या फडक्याने पुसून त्यांनी स्वतः वाचली. पुढे २५, मागे एकट्याला २८, दोघांना ३२. बारा वर्षे ती गाडी ते चालवत होते.

इथे दोन गोष्टींची गल्लत होते. टायरच्या बाजूवरही हवेचा एक आकडा उमटवलेला असतो आणि त्याच्याजवळ मॅक्स असा शब्द असतो. तो टायरला सोसणारा जास्तीत जास्त दाब आहे. आपण भरायचा आकडा तो नव्हे. त्याप्रमाणे भरले तर चाक दगडासारखे उड्या मारते, टायर फक्त मधोमध झिजतो आणि ब्रेक दाबला की घसरतो.

दुसरे असे, की पट्टीवर वजनाचीही मर्यादा मानलेली असते. लहान मोटारसायकल चालवणाऱ्यासह साधारण १३० ते १५० किलो वजन न्यायला केलेली असते. आबा आणि दोन भरलेले कॅन मिळून १६० होतात. जास्त हवा भरून हा फरक भरून निघत नाही. टायर कदाचित पेलील, पण ब्रेक, आऱ्या आणि मागचे शॉकअब्सॉर्बर पेलणार नाहीत. हे आम्ही आबांना सांगितले तेव्हा ते गप्प बसले. धंदा कसा करायचा हे त्यांना आम्ही शिकवू शकत नाही. पण सांगणे भाग होते.

हवा मोजावी कशी?

अंगठ्याने दाबून हवा कळत नाही. लाथ मारून तर मुळीच कळत नाही. वर्गात आम्ही दोन चाके ठेवली, एकात १८ पौंड आणि एकात २८. पंधरा जणांनी अंगठ्याने दाबून पाहिली. निम्म्यांनी चूक सांगितले, आणि त्यांत वीस वर्षे गाडी चालवणारे होते.

पेट्रोल पंपावर हवा फुकट मिळते, पण तिथला पोरगा पुष्कळदा न विचारताच सगळ्यांना पुढे पंचवीस, मागे पस्तीस भरून मोकळा होतो. त्याला आपला आकडा आपणच सांगितला पाहिजे. त्याहून चांगले म्हणजे हवा मोजायचे स्वतःचे लहान मीटर घ्यावे. ते खिशात मावते. सकाळी गाडी काढायच्या आधी, टायर थंड असताना मोजावे. पंपावर जायचेच तर जवळच्या पंपावर, दोन किलोमीटरच्या आत. आठवड्यातून एकदा पुरे. चांगल्या टायरमधूनही महिन्याला एकदोन पौंड हवा रबरातून आपोआप झिरपतेच, त्यात कोणाचा दोष नसतो. पण आठवड्याला तीनचार पौंड जात असेल तर कुठेतरी वाट आहे. ती वाट पुष्कळदा खिळ्याची नसते, झडपेची असते.

झडप

मेकॅनिक तिला वॉल म्हणतात, पुस्तकात झडप म्हणतात. झडपेचे काम एकच. हवा आत येऊ द्यायची, बाहेर जाऊ द्यायची नाही.

सायकलची झडप आपल्या ओळखीची आहे. तिच्यात बारीक रबरी नळी असते, तिला आपण वॉलट्यूब म्हणतो. मोटारसायकलची झडप वेगळी. न्यूयॉर्कच्या ऑगस्ट श्रेडर यांच्या कारखान्यात ती १८९० च्या दशकात निघाली आणि आज मोटार, ट्रॅक्टर, मोटारसायकल सगळ्यांना तीच असते. म्हणून कुठल्याही पंपाचे तोंड कुठल्याही गाडीला बसते.

वरचे टोपण काढून आत पाहा. मधोमध पिनेचे डोके दिसेल. ही पिन आट्यांनी आत बसवलेली असते. तिला एक नाजूक स्प्रिंग आणि खालच्या टोकाला रबराची इवलीशी चकती असते. पंपाच्या तोंडाने पिन दाबली की चकती खाली सरकते आणि वाट उघडते. सोडली की स्प्रिंग ती वर ओढते. मग आतली हवाच चकतीला दाबून धरते. दार आतून ढकलून लावावे तसे. हवा जितकी जास्त, तितके दार घट्ट.

त्या चकतीवर धुळीचा एक कण बसला तरी दार पुरते लागत नाही. म्हणून टोपण लावायचे. पुष्कळ गाड्यांना टोपण नसते. हरवले ते हरवले. आम्हाला ही हेळसांड वाटते. टोपण धूळ अडवते, आणि पिन थोडी गळत असेल तर आतली रबरी चकती असलेले टोपण हवाही धरते.

पिन गळते का ते पाहायला पंक्चरवाले बोटाला थुंकी लावून झडपेच्या तोंडावर लावतात. साबणाचे पाणी लावावे, ते बरे. बुडबुडा फुगला तर पिन गळते. लहान चावीने पिन आवळून पाहावी, पण बेताने. जोर लावला तर चकती चिरडते. तरी थांबले नाही तर पिन बदलावी. ती काही रुपयांची वस्तू आहे, आणि ती बदलायला चाक उतरवावे लागत नाही.

आबांची झडप मात्र पिनेवर गेली नव्हती, बुडाशी गेली होती. ते असे झाले. टायर रिमला कशाने धरलेला असतो? खिळ्याने नाही, डिंकाने नाही. आतली हवा टायरची कड रिमवर दाबून धरते, तेवढेच. हवा कमी झाली की पकड सैल होते. मग उतारावर, भार असताना ब्रेक दाबला की रिम थांबते पण टायर तसूभर पुढे सरकतो. टायरबरोबर ट्यूब सरकते. झडप मात्र रिमच्या भोकात अडकलेली. रोज थोडेथोडे असे झाले की झडप तिरकी दिसू लागते. वाकडी झडप म्हणजे ट्यूब तिला खेचते आहे. एके दिवशी ती बुडातून सुटते. खिळा टोचला तर ट्यूबमधली हवा काही वेळा सावकाश जाते, इथे ती क्षणात जाते.

म्हणून झडप तिरकी दिसली की त्याच दिवशी पंक्चरवाल्याकडे जावे, सगळी हवा सोडून टायर सरकवून झडप सरळ करून घ्यावी, आणि मग पुरेशी हवा भरावी. टायर सरकतो का ते पाहायला टायर आणि रिम यांच्यावर मिळून रंगाची एक सरळ रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली की समजावे.

झडपेवर एक बारीक नट असतो. तो रिमपर्यंत आवळावा की सैल ठेवावा, यावर मिस्त्री लोकांत दोन मते आहेत. आमचे मत सैल ठेवावा असे आहे. घट्ट आवळला की झडप सरळ उभी दिसते, पण आतून ताण बसतच असतो, आणि तो दिसत नाही. नट वर टोपणाशी नेऊन ठेवला तर झडप तिरकी होऊन निदान आपल्याला इशारा देते. आबांचा नट सैलच होता. इशारा मिळाला होता. तो वाचता आला नाही, इतकेच.

झडप निवडताना

ट्यूबच्या चाकात झडप वेगळी घ्यायची नसते, ती ट्यूबलाच जोडलेली येते. म्हणून ट्यूब घेतानाच पाहावे. टायरवर लिहिलेले माप ट्यूबवर आहे का? झडप सरळ हवी की वाकडी? जुन्या पद्धतीच्या लहान चाकांच्या स्कूटरना वाकवलेली धातूची झडप लागते, कारण सरळ झडपेला तिथे पंपाचे तोंड लावायला जागाच नसते. आऱ्यांच्या चाकात रिमवर एक रबरी पट्टी असते. ती सरकली तर आऱ्यांची टोके ट्यूबला घासतात, तेव्हा ती पट्टी आणि तिचे भोक जागेवर आहे ना, हे बसवताना पाहून घ्यावे. टायरची शेवटची कड आत घालण्यापूर्वी झडप जरा आत ढकलून घेतली तर ट्यूब कडेखाली चिमटत नाही.

ट्यूबलेस चाकात झडप रिमलाच बसवतात. तिचे दोन प्रकार. एक रबरी, भोकातून ओढून बसवायची. दुसरी धातूची, दोन्ही बाजूंना रबरी चकत्या घालून नटाने आवळायची. रबरी झडपेवर बहुधा टी.आर. ४१२ किंवा ४१३ असे आकडे असतात. दोन्ही साडेअकरा मिलिमीटरच्या भोकात बसतात. ४१२ आखूड आहे, ४१३ लांब आहे आणि ती मुख्यतः मोटारींसाठी आहे. दुकानदार पुष्कळदा हाताला लागेल ती बसवतो. दुचाकीला आखूडच मागावी. लांब झडप फिरताना जास्त वाकते आणि तिचे बूड लवकर चिरते.

वाकते म्हणजे किती? ताशी ६० किलोमीटर वेगाने जाताना रिमजवळची वस्तू आपल्या वजनाच्या सुमारे साठपट जोराने बाहेर ओढली जाते. प्लॅस्टिकचे टोपण एक ग्रॅमाच्या आसपास, त्याचे काही नाही. पण हल्ली शोभेची पितळी टोपणे मिळतात, हवेचा दाब दाखवणारी बॅटरीची टोपणेही मिळतात. दहा ग्रॅमाचे टोपण त्या वेगाला सहाशे ग्रॅमाचे होते. रबरी झडपेला ते लटकवू नये. लावायचेच असेल तर धातूची झडप बसवून घ्यावी. चाकाच्या मोठ्या डिस्कमुळे पंपाचे तोंड पोचत नसेल तर काटकोनात वाकलेली धातूची झडप मिळते, ती घ्यावी.

ट्यूबलेस चाक सारखे पंक्चर होते म्हणून त्यात ट्यूब घालणारेही आहेत. ट्यूबची झडप बारीक आणि रिमचे भोक मोठे, म्हणून ती आत डुगडुगते आणि भोकाच्या कडेला घासते. तात्पुरते ठीक, कायमचे नको.

आमचीही एक चूक सांगतो. आमच्या शिक्षिकेच्या स्कूटरचा मागचा टायर झिजला, तो शहरातल्या एका दुकानात बदलला. झडप जुनीच राहू दिली. दुकानदाराने विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. दोन महिन्यांनी आठवड्याला पाच पौंड हवा जाऊ लागली. टायर पाण्यात बुडवून पाहिला, पंक्चर नाही. पिन बदलली, तरी तेच. शेवटी कोणीतरी झडप बोटाने आडवी वाकवली, तेव्हा बुडाशी फुस्स आवाज आला. रबराला भेग होती, पण सरळ उभी असताना ती मिटून राही. मग टायर पुन्हा उतरवणे आले, मजुरी पुन्हा आली. तेव्हापासून टायर नवा तर झडप नवी, असा आम्ही नेमच केला आहे. धातूची झडप असेल तर तिच्या रबरी चकत्या तरी बदलाव्या.

आबांनी आता एक मीटर घेतले आहे आणि एक वही केली आहे. दर सोमवारी सकाळी, कॅन अडकवण्यापूर्वी, ते हवा मोजून लिहितात. अक्षर मोठे आहे, ओळी थोड्या वर जातात. गेल्या महिन्याचे पान त्यांनी वर्गात वाचून दाखवले.

"पहिला सोमवार. पुढे २५, मागे ३१. एक पौंड भरली. दुसरा सोमवार. पुढे २५, मागे ३२. तिसरा सोमवार. पुढे २४, मागे २७. साबणपाणी लावलं. बुडबुडा आला. पिन नवी टाकली. चौथा सोमवार. पुढे २५, मागे ३२. वॉल सरळ आहे. रेघ जुळते."